गोष्टीतून म्हणणं पटवायचं असेल तर: साहित्यातल्या संज्ञा कुठे आणि कोणत्या क्रमाने वापरायच्या

शेतीशाळेत, ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या कथाकथन स्पर्धेत, दुर्गेच्या मांडवात आमच्या विदर्भात गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. गोष्ट रंगते, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी लोक जे करत होते तेच करतात. ‘गोष्ट छान होती’ म्हणतात; ‘तुमचं पटलं’ असं कुणी म्हणत नाही.

बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. सांगणारा आधी अलंकार जमवतो, मग पात्रं उभी करतो आणि शेवटी एक तात्पर्य चिकटवतो. शाळेत पाठ केलेल्या व्याख्या इथे कामाला येत नाहीत. उपमा म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं, पण ती केव्हा टाळायची ते कुणी शिकवलेलं नसतं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, तुम्हाला गावातल्या कापूस उत्पादकांना गोष्टीतून पटवायचं आहे की यंदा फरदड घेऊ नका. मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, पाणी-खत देऊन ती पुढे ठेवली (हीच फरदड), की गुलाबी बोंडअळीला खाणं मिळत राहतं आणि पुढच्या हंगामाची अळी आपल्याच शेतात तयार होते. मुद्दा खरा आहे. 2017 च्या हंगामाने तो सगळ्यांना दाखवला. तरीही तो दरवर्षी नव्याने पटवावा लागतो, म्हणून सरावाला हे उदाहरण चांगलं.

## तयारी

वही, कागदाच्या चिठ्ठ्या, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग आणि तुमची गोष्ट खोडायला तयार असलेला एक माणूस एवढं हवं. घरातला कौतुक करणारा नको. फरदड घेणाराच कुणी मिळाला तर उत्तम.

विषयाची माहिती आधी पक्की करा. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशी वाचा. गोष्टीतली एक चुकीची गोष्ट समोरच्या शेतकऱ्याच्या लक्षात आली, की उरलेल्या सगळ्या खऱ्या गोष्टीही त्याच्या लेखी गेल्या.

## टप्पा 1: विषय सोडा, सूत्र लिहा

विषय आणि सूत्र यांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. विषय म्हणजे गोष्ट कशाबद्दल आहे. सूत्र म्हणजे त्या बाबतीत तुम्ही काय म्हणता. ‘बोंडअळी’ हा विषय झाला. ‘डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं, तर अळीचं चक्र तुटतं’ हे सूत्र झालं.

सूत्र एका वाक्यात बसलं पाहिजे आणि त्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस गावात सापडला पाहिजे. ‘शेतकरी अन्नदाता आहे’ याला कोण नाही म्हणणार? मग पटवायचं काय उरलं? अशा वाक्यावर उभी केलेली गोष्ट कितीही रंगली तरी कुठे पोचत नाही.

सूत्राखाली लगेच श्रोत्याचा आक्षेप लिहा, आणि तो त्याच्याच तोंडच्या भाषेत लिहा: “दोन क्विंटल का होईना, घरात येते नं. त्यातूनच वेचणीच्या बायांचं देणं फिटते. उपटून काय, धुरा पाहात बसू?” (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

तपासा: आक्षेप वाचून तुम्हालाच क्षणभर ‘बरोबर बोलतोय हा’ असं वाटलं का? वाटलं नसेल तर तुम्ही आक्षेप लिहिलेला नाही, त्याची नक्कल केली आहे. पुन्हा विचारून या.

## टप्पा 2: कथा आणि कथानक वेगळे करा

घटना ज्या क्रमाने घडल्या ती कथा. त्याच घटना कार्यकारणाने बांधून, काही मागेपुढे करून, काही गाळून तुम्ही जे रचता ते कथानक. कथाबीज याच्याही आधीचं: ज्या एका प्रसंगातून गोष्ट सुचली, तो प्रसंग.

आपलं कथाबीज असं धरू: जानेवारीत सून सासऱ्यापुढे एक हिरवं बोंड फोडते. एवढंच. गोष्टीपुरतं सासऱ्याला नामदेवकाका म्हणू.

आता प्रत्येक घटना एकेका चिठ्ठीवर लिहा. दिवाळीनंतरची वेचणी. गावात गाडी घेऊन आलेला व्यापारी. चढलेला भाव. काकांनी पऱ्हाटीला दिलेलं पाणी. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसणं. सुनेचं म्हणणं. बोंड फोडणं. चिठ्ठ्या ओळीने मांडा आणि दर दोन चिठ्ठ्यांमध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. ‘मग’ बसत असेल तर जोड ढिली आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर कथानक चालू झालं. ‘भाव चढला, म्हणून काकांनी पाणी दिलं, पण फुलं उमलेचनात.’ सलग तीन जागी ‘मग’ आलं तर मधली चिठ्ठी काढून टाका. बहुतेक वेळा तिची गरजच नसते.

इशारा: सुरुवात काकांच्या जन्मापासून करू नका. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बघणारा प्रेक्षक ते बघायलाच घरून निघालेला असतो. ग्रामसभेतल्या माणसाचं अर्धं लक्ष घरच्या गुराढोरांकडे असतं.

## टप्पा 3: पात्र आणि संघर्ष

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पटवण्यासाठी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी याच जागी पडतात.

संघर्ष म्हणजे भांडण असं समजलं जातं. पात्राला काहीतरी हवं आहे आणि ते मिळण्यात अडथळा आहे, एवढ्याने संघर्ष उभा राहतो. अडथळा दुसरा माणूस असेल, निसर्ग असेल, गावाची रीत असेल किंवा माणसाचं स्वतःचं मन असेल. काकांचा संघर्ष वरवर सुनेशी आहे. त्याखाली तो अळीशी आहे. आणि सगळ्यात खाली स्वतःशी: वर्षभर राबून हाती कमी आलं, आता झाडावर दिसणारी बोंडं स्वतःच्या हाताने कशी उपटू? श्रोता या तिसऱ्या थरावर हलतो. पहिल्याच थरावर थांबलेली गोष्ट सासू-सुनेच्या मालिकेसारखी वाटते.

आता नेहमीची चूक. आपल्या सूत्राविरुद्ध वागणारं पात्र लोक अडाणी, हट्टी, हावरट करून टाकतात, आणि सूत्र पटलेलं पात्र शहाणं, शिकलेलं, गोड बोलणारं. समोर बसलेला फरदड घेणारा शेतकरी लगेच ओळखतो की अडाणी म्हणून आपल्यालाच रंगवलंय. तिथे त्याचे कान बंद झाले.

म्हणून नामदेवकाकांना गोष्टीतलं सगळ्यात भक्कम वाक्य द्या. टप्पा 1 मध्ये लिहिलेला आक्षेप त्यांच्या तोंडी जसाच्या तसा घाला. सुनेला मात्र थोडी अडचण द्या: तिला उत्तर लगेच सापडू नये. ती सासऱ्याला म्हणते, “मामाजी, तुमचं खोटं नाही. पण हे बोंड पाहा बरं.” आधी मान्य करणं आणि मग दाखवणं, याच क्रमाने माणूस ऐकतो.

तपासा: काकांची बाजू घेऊन दोन मिनिटं बोलून बघा. जमलं तर पात्र उभं राहिलं आहे.

## टप्पा 4: निवेदक ठरवा

लेखक आणि निवेदक एक नव्हेत. गोष्ट ज्याच्या तोंडून येते तो निवेदक. ‘मी’ म्हणून सांगितलं तर प्रथमपुरुषी, ‘तो, ती’ म्हणून सांगितलं तर तृतीयपुरुषी. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक हा तृतीयपुरुषीचाच एक प्रकार.

हीच गोष्ट काकांच्या तोंडून आली तर पश्चात्ताप वाटेल, सुनेच्या तोंडून आली तर तक्रार. वेचायला आलेल्या मजूर बाईच्या तोंडून आली तर? तिची ओटी रिकामी राहते, कारण बोंडं कवडी झालेली, म्हणजे किडून नीट न फुटलेली; वजनावर मजुरी घेणारीचा दिवस वाया जातो. तिला ना काकांची बाजू घ्यायची आहे, ना सुनेची. मला तरी हाच निवेदक सगळ्यात विश्वासू वाटतो.

इशारा: दुसऱ्याच्या शेतात घडलेलं ‘माझ्या शेतात घडलं’ म्हणून सांगू नका. कल्पित गोष्ट असेल तर ‘समजा’ म्हणून सुरू करा. गावात सगळ्यांना सगळ्यांची शेतं माहीत असतात.

## टप्पा 5: भाव सांगू नका, विभाव आणि अनुभाव दाखवा

रससिद्धांतातल्या संज्ञा आपण परीक्षेसाठी पाठ करतो आणि विसरतो. गोष्ट सांगताना त्यांतल्या दोन रोज उपयोगी पडतात. भाव ज्यामुळे जागा होतो ते कारण, म्हणजे विभाव. तो शरीरावर, वागण्यात दिसतो ती खूण, म्हणजे अनुभाव. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, शोक. पण ‘काकांना फार दुःख झालं’ असं म्हटल्याने श्रोत्याला दुःख होत नाही. कारण दाखवा, खूण दाखवा, नाव घेऊ नका.

विभाव असा: बोंड बाहेरून हिरवं, टणक, निर्मळ. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि शिरलेलं भोक पुढे बुजून जातं, म्हणून बाहेरून काही कळत नाही आणि फवारणीही आत पोचत नाही. सून नखाने बोंड फोडते. एका कप्प्यातली सरकी पोखरलेली, रुई पिवळट होऊन चिकटलेली, आणि मधे गुलाबी अळी. दुसरं बोंड. तिसरं.

अनुभाव असा: काका काही बोलत नाहीत. चौथं बोंड ते स्वतः तोडतात, फोडायला जातात आणि न फोडताच बंडीच्या खिशात टाकतात.

इथे प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरकही कळतो. डोळ्यांपुढे, नाकापुढे, हाताला जाणवेल असं जे शब्दांनी उभं राहतं ती प्रतिमा. फोडलेलं बोंड ही प्रतिमा आहे. तीच वस्तू गोष्टीत पुन्हा येऊन स्वतःपेक्षा मोठं काही सुचवू लागली की ती प्रतीक होते. खिशातलं न फोडलेलं बोंड पुढे एकदा आलं, तर ते काकांच्या आशेचं प्रतीक होईल. पण ‘हे बोंड म्हणजे काकांची आशा’ असं तोंडाने सांगितलं, की ते प्रतीक तिथेच मोडलं.

तपासा: वहीत दुःख, आनंद, राग, भीती, पश्चात्ताप हे शब्द शोधा. प्रत्येक शब्द खोडून त्या जागी एक कारण किंवा एक खूण लिहिता येते का ते बघा.

## टप्पा 6: अलंकार सगळ्यात शेवटी, आणि थोडेच

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांत गोंधळ होतो, म्हणून तिन्ही एकाच वाक्यावर घेऊ. ज्याची तुलना करायची ते उपमेय: शेत. ज्याच्याशी करायची ते उपमान: धर्मशाळा.

- ‘फरदडीचं शेत अळीला धर्मशाळेसारखं.’ दोन गोष्टी वेगळ्या राहून त्यांत सारखेपणा दाखवला: उपमा. ‘सारखा, जसा, समान, परी’ ही तिची खूण; वऱ्हाडीत ‘वानी’.
- ‘फरदडीचं शेत म्हणजे जणू अळीची धर्मशाळाच.’ उपमेय हे उपमानच आहे की काय अशी कल्पना केली: उत्प्रेक्षा. खूण ‘जणू, वाटे, भासे, गमे’.
- ‘फरदडीच्या धर्मशाळेत अळी उतरली.’ दोन्ही एकच मानले, भेद उरलाच नाही: रूपक.

जोर चढत जातो तसा धोकाही चढतो. जो श्रोता अजून तुमच्या बाजूचा नाही, त्याला रूपक अंगावर आल्यासारखं वाटतं. उपमा त्याला विचार करायला जागा देते. विरोधी श्रोत्यांपुढे म्हणूनच उपमा बरी.

निर्जीवाला सजीवासारखं वागवणं ही चेतनगुणोक्ती: ‘पऱ्हाटी वाट पाहत उभी होती.’ वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट, ही व्याजस्तुती. ‘वा काका, अळी पोसावी तर तुम्ही!’ हे चावडीवर चालेल. तुमच्या गोष्टीत नको, कारण समोरचे अर्धे लोक स्वतःच काका आहेत.

अतिशयोक्तीबद्दल स्पष्टच सांगतो: पटवण्याच्या गोष्टीत आकड्यांची अतिशयोक्ती करू नये. ‘लाखो पतंग घोंगावत होते’ यापेक्षा ‘कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले’ (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा तो सापळा) हे जास्त धडकी भरवतं, कारण शेतकऱ्याला ती नुकसानीची पातळी माहीत असते आणि तो उद्या स्वतःचा सापळा उघडून बघू शकतो.

यमक आणि अनुप्रास यांचं शिक्षण आमच्याकडे पोळ्याच्या झडत्यांमधून, म्हणजे बैलांच्या तोरणाखाली म्हणायच्या यमकाच्या ओळींमधून, होतं. तोरणाखाली उभं राहून झडती म्हणणाऱ्याला कुणी यमकाची व्याख्या शिकवलेली नसते, पण कुठे थांबायचं ते त्याला नेमकं कळतं. तो कान वापरा. लोकांनी जे एक वाक्य घरी न्यावं असं वाटतं, तेवढ्यालाच नाद द्या. सगळीच वाक्यं यमकात आली तर लोक यमक ऐकतात, अर्थ नाही.

## टप्पा 7: पटवण्याची तीन अंगं तपासा

माणसाला काही पटतं ते तीन आधारांवर: सांगणाऱ्यावरचा विश्वास, मनातली भावना आणि तर्क. ॲरिस्टॉटलने मांडलेली ही विभागणी आजही कामाची आहे. तुमचा मसुदा घेऊन तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा. एखादा रंग दिसलाच नाही, तर गोष्ट त्या बाजूला लंगडी आहे.

विश्वास. तुम्ही कोण, तुमचं यात काय, हे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा. औषधविक्रेता, कंपनीचा माणूस, कोरडवाहू शेतकरी या तिघांच्या तोंडी तीच गोष्ट वेगळी लागते. स्वतःचा फायदा असेल तर तो लपवू नका.

तर्क. गोष्टीत एकच कारणसाखळी ठेवा आणि ती पूर्ण करा: उशिरापर्यंत बोंडं राहिली, अळीला खाणं मिळालं, ती सुप्तावस्थेत जमिनीत, पऱ्हाट्यांत, सरकीत टिकली, पुढच्या वर्षी पतंग बाहेर आले. मग पैशाचं बोला. फरदडीतून आलेले पैसे एका बाजूला. पाणी, खत, फवारणी, वेचणी आणि कवडी कापसाचा पडलेला भाव दुसऱ्या बाजूला. ओलिताची, म्हणजे पाण्याची, सोय असेल तर त्याच तुकड्यात उन्हाळी तीळ निघाला असता, तेही मांडा. हिशेब काकांनाच करू द्या, मोठ्याने. श्रोते मनात त्यांच्याबरोबर बेरीज करतात, आणि स्वतः केलेल्या बेरजेशी माणूस भांडत नाही.

भावना. भीती दाखवणं सोपं असतं, पण भीतीबरोबर करता येण्याजोगं काम दिलं नाही तर माणूस विषयच टाळतो. ‘अळी सगळं खाईल’ याच्या पाठोपाठ ‘म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची आणि बांधावर रचून ठेवायची नाही’ हे आलंच पाहिजे.

इशारा, आणि हा मनापासूनचा: शेतकरी आत्महत्येचा प्रसंग परिणामासाठी वापरू नका. आमच्या जिल्ह्यांत कुठल्याही सभेत त्या दुःखातून गेलेलं घर बसलेलं असू शकतं. व्यासपीठावरून कुणाचं मरण प्रतिमा म्हणून उभं केलं की सभा गप्प होते खरी, पण ती पटल्यामुळे गप्प झालेली नसते. फरदडीच्या मुद्द्याला त्या दुःखाची गरज नाही.

प्रश्न विचारणं हेही एक तंत्र. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना सोपे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच वदवून घेत. त्यात शिकण्यासारखा आहे तो प्रश्नांचा क्रम: पहिल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना येतात, म्हणून लोक बोलू लागतात, अडचणीचा प्रश्न तोंड उघडल्यानंतर येतो. तुम्हीही विचारा. जानेवारीत गावात हिरवं काय काय असते? मग अळीनं खावं काय? मग तिले जेवू कोण घालते? उत्तर येईपर्यंत थांबा. स्वतःच उत्तर देऊन टाकलं तर प्रश्न विचारलाच नाही असं समजा.

## टप्पा 8: सूत्र आधी की गोष्ट आधी

महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या जुन्या मराठी ग्रंथाची रचना तीन भागांची आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कसा लागू होतो ते. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, निरूपण आणि उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, आख्यान. तत्त्व आधी आणि गोष्ट नंतर, ही सवय आपल्या कानांना आहे.

पण तिथे ऐकणारा मुळात श्रद्धेने बसलेला असतो. ज्याला तुमचं म्हणणं अजून मान्य नाही, त्याच्यापुढे सूत्र आधी ठेवलं तर तो सगळी गोष्ट खोडून काढायच्या तयारीने ऐकतो. म्हणून असं करा: श्रोते बाजूचे असतील तर सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. विरोधात असतील तर आधी दृष्टांत, मग प्रश्न, आणि सूत्र त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडून आलं तर उत्तमच. दार्ष्टांतिक मात्र कुठल्याही क्रमात गाळू नका. ‘ही काकांची गोष्ट झाली, आता आपल्या शिवारात किती ठिकाणी पऱ्हाटी उभी आहे?’ हा जोड दिला नाही, तर लोक गोष्ट काकांचीच समजून उठतात.

## टप्पा 9: बोली आणि मोठ्याने वाचन

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद वऱ्हाडीत, ही सोपी वाटणी चालते. पण वऱ्हाडी फक्त विनोदाला आणि प्रमाण भाषा शहाणपणाला, असं होऊ देऊ नका. आपल्या बोलीचा तो अपमान आहे, आणि श्रोत्याला तो बरोबर लागतो. गोष्टीतलं सगळ्यात शहाणं वाक्य वऱ्हाडीत ठेवा. गडचिरोली-भंडाऱ्याकडे सांगणार असाल तर तिथल्या झाडी बोलीची नक्कल करू नका. आपल्याच बोलीत बोला.

मग रेकॉर्ड करून ऐका. जिथे श्वास अडकतो ते वाक्य तोडा. जिथे तुमचाच आवाज उपदेशाचा होतो तिथे लाल खूण करा. ते वाक्य बहुधा तात्पर्य असतं आणि वाच्यार्थानेच सगळं सांगून टाकत असतं. त्या जागी व्यंजनेला काम द्या, म्हणजे न बोललेला अर्थ श्रोत्याला लागू द्या. ‘काकांना चूक कळली’ असं लिहू नका. ‘दुसऱ्या दिवशी काकांनी पाण्याची मोटर लावली नाही’ एवढं लिहा.

शेवटची चाचणी: गोष्ट ऐकलेल्या माणसाला दोन दिवसांनी भेटा आणि ती परत सांगायला लावा. त्याला सून आणि बोंड आठवलं पण डिसेंबर आठवला नाही, तर टप्पा 7 मधला तर्क पुन्हा बांधा. डिसेंबर आठवला पण काका आठवले नाहीत, तर टप्पा 3 वर परत जा. दोन्ही आठवलं आणि तरी तो म्हणाला, “पण माह्या शेताची गोष्ट अलग हाये,” तर हे नवं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा आणि टप्पा 1 च्या आक्षेपाखाली लिहा. पुढच्या सभेत काकांच्या तोंडी हेच वाक्य घालायचं.